अंगठा ३० टक्के, तर्जनी १४ टक्के : ‘सेफ्टी फर्स्ट’ची पाटी असताना कारखान्यात बोटं का तुटतात?

अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. एकाच हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३० आणि चारही गेली तर ५० टक्के.

हे आकडे १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टातले आहेत. कामावर असताना बोट गेलं, तर त्या माणसाची कमावण्याची ताकद किती टक्क्यांनी कमी झाली असं धरायचं, त्याची ही यादी. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेलाय, पण अशी यादी तिथंही आहे.

एक हिशोब करून बघू. समजा २५ वर्षांचा एक मुलगा आहे. पगार महिन्याला १५ हजार. ईएसआयचं संरक्षण नाही. मशीनमध्ये त्याची दोन बोटं गेली. कायद्याचं सूत्र असं : पगाराचे ६० टक्के म्हणजे ९ हजार, गुणिले त्याच्या वयासाठी ठरवलेला गुणक २१६.९१, आणि त्याचे २० टक्के. उत्तर येतं ३ लाख ९० हजार ४३८ रुपये.

एवढीच किंमत. तीसुद्धा कागदपत्रं नीट असतील आणि दावा वेळेत केला असेल तर.

आता तुम्ही म्हणाल, मशीनवर काम करताना काळजी घ्यायला नको का? लक्ष कुठं असतं या लोकांचं? कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. आणि तो प्रश्नच कसा चुकतो, हे आज समजून घेऊ.

बोटं जातात कुठं?

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, अंबड, गोकुळ शिरगाव. महाराष्ट्रातल्या कुठल्याही औद्योगिक पट्ट्यात गेलात तर मोठ्या कंपन्यांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये पत्र्याच्या शेडमधली छोटी युनिट्स दिसतील. आतून ठराविक लयीत ‘धाड्... धाड्...’ असा आवाज येत असतो. हे असतात प्रेस शॉप.

तुमच्या बाईकच्या साखळीवरचं कव्हर, गाडीच्या सीटखालचा ब्रॅकेट, दाराची बिजागरी, वॉशर, क्लिप. पत्रा कापून, वाकवून किंवा त्याला भोक पाडून असे भाग बनतात आणि ते बनवणारं मशीन म्हणजे पॉवर प्रेस. मोठी कंपनी असे सगळे भाग स्वतः बनवत नाही. ती मोठ्या पुरवठादाराला काम देते, तो मधल्याला, मधला आणखी छोट्याला. साखळीच्या शेवटच्या टोकाला बऱ्याचदा पंधरा-वीस माणसांचं युनिट असतं. निम्मी माणसं ठेकेदाराची, मशीन जुनं आणि ट्रक संध्याकाळी निघायचा असतो.

सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसोबत काम करते. २०१९ पासून ती ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल काढते. त्यातून एक चित्र पुन्हा पुन्हा समोर येतं. हात चिरडण्याच्या अपघातांत सगळ्यात मोठा वाटा पॉवर प्रेसचा असतो. अशा अपघातात कामगार सरासरी दोनच्या आसपास बोटं गमावतो. आणि हे बहुतांशी साखळीच्या खालच्या टोकाला घडतं. संस्थेकडे आलेल्या जखमींमध्ये हरियाणा आणि महाराष्ट्र ही दोन राज्यं ठळकपणे दिसतात.

पॉवर प्रेस चालतं कसं?

हे समजलं की पुढचं सगळं सोपं होईल.

मशीनच्या खालच्या टेबलावर साच्याचा अर्धा भाग बसवलेला असतो, उरलेला अर्धा वर. या साच्याला ‘डाय’ म्हणतात. वरचा भाग ज्या जड ठोकळ्याला लावलेला असतो तो ‘रॅम’. बाजूला मोटरवर सतत फिरणारं एक अवजड चाक असतं, फ्लायव्हील. कामगार पत्र्याचा तुकडा, म्हणजे ‘जॉब’, डायमध्ये ठेवतो, हात बाहेर काढतो, पायाने पेडल दाबतो. पेडल दाबलं की क्लच जोडला जातो, फ्लायव्हीलची ताकद रॅमला मिळते आणि रॅम खाली येतो. ५० टनाचं प्रेस म्हणजे ५० टनांचा दाब. पत्र्यासाठी तो हवाच असतो. पण खाली पत्रा आहे की हात, हे मशीनला कळत नाही.

खरी गोम क्लचमध्ये आहे. जुन्या मशीनमध्ये ‘पिन’ किंवा ‘की’ प्रकारचा क्लच असतो. तो एकदा जोडला गेला की रॅम खाली जाऊन वर येईपर्यंत, म्हणजे पूर्ण फेरी होईपर्यंत सुटत नाही. मध्येच थांबवायची सोय नाही. बटण दाबा, मोटर बंद करा, ओरडा, काहीही करा. फेरी पूर्ण होणारच.

नव्या मशीनमध्ये हवेच्या दाबावर चालणारा न्यूमॅटिक क्लच असतो. तो अर्ध्यात सोडवून ब्रेक लावता येतो. दिसायला दोन्ही मशीन सारखीच. पण एक थांबू शकतं आणि दुसरं नाही, एवढ्या फरकावर बोटं वाचणार की जाणार हे ठरू शकतं.

जुन्या मशीनमध्ये आणखी एक धोका असतो. क्लचची पिन किंवा स्प्रिंग झिजली की कधीकधी पेडल न दाबताच रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. कामगाराने नियमाप्रमाणे सगळं बरोबर केलेलं असतं. जॉब झाला, रॅम वर गेला, म्हणून तो तुकडा काढायला हात आत घालतो. आणि रॅम पुन्हा येतो. इथं त्याचं ‘लक्ष’ काय करणार?

‘लक्ष नव्हतं’ हे उत्तर का पुरत नाही?

चला, पुन्हा एक हिशोब.

एका जॉबला चार सेकंद धरा. मिनिटाला १५, तासाला ९००. जेवणाची सुट्टी वगळून साडेसात तास काम केलं तर एका शिफ्टमध्ये ६,७५० वेळा हात आत आणि बाहेर. महिन्याच्या २६ दिवसांत १ लाख ७५ हजार ५०० वेळा.

समजा हा माणूस इतका सावध आहे की लाख वेळांत फक्त एकदा त्याच्या हाताचा आणि पायाचा ताल चुकतो. इतकं अचूक काम तुम्ही-आम्ही कुठलंच करत नाही. मेसेज टाइप करताना दहा ओळींत दोन चुका होतात. तरीही या हिशोबाने त्याची चूक महिन्याला एकदा, कधी दोनदा होणारच. अशी दहा मशीन एका शेडमध्ये असतील तर महिन्याला सतरा-अठरा वेळा. त्यातल्या बहुतेक वेळी नशीब साथ देतं. पण दर वेळी देत नाही.

चूक झाली हे लक्षात आल्यावर तरी हात काढता येईल का? मिनिटाला ६० फेऱ्यांचं मशीन असेल तर रॅम वरून खाली यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. डोळ्याला दिसून हाताला हुकूम पोहोचायलाच पाव सेकंद जातो. मग हात मागे घ्यायचा. म्हणजे हाताशी वेळ उरतच नाही. तेही तो ताजातवाना असेल तर. बारा तासांच्या शिफ्टच्या दहाव्या तासाला नाही.

मग ‘बहुतेक अपघात कामगाराच्या चुकीने होतात’ हे वाक्य आलं कुठून? त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. एच. डब्ल्यू. हाइनरिख हे अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करायचे. १९३१ मध्ये त्यांचं औद्योगिक अपघातांवरचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी मांडलं की ८८ टक्के अपघातांमागे माणसांची असुरक्षित कृती असते. हा आकडा जगभरच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये गेला आणि अनेक वर्षं तिथंच राहिला.

पण हाइनरिख यांनी तपासलेली कागदपत्रं होती विम्याचे दावे आणि कारखान्यांकडून आलेले अपघातांचे अहवाल. अपघाताचं कारण लिहिणारा माणूस व्यवस्थापनातला असेल तर तो ‘आमच्या मशीनला गार्ड नव्हता’ असं लिहील, की ‘कामगाराचं लक्ष नव्हतं’? पुढच्या काळात अभ्यासकांनी या आकड्यावर नेमका हाच आक्षेप घेतला.

माणूस चुकतोच. हे मान्य करून ज्यांनी मशीन आणि काम आखलं, तिथं बोटं वाचली. ‘चुकू नकोस’ असं सांगून जे थांबले, तिथं गेली.

मग बोटं वाचतात कशाने?

सुरक्षेच्या अभ्यासात उपायांची एक उतरंड सांगतात. सगळ्यात पक्का उपाय सगळ्यात वर, सगळ्यात कच्चा तळाला. प्रेसच्याच उदाहरणाने बघू.

पहिली पायरी : धोकाच काढून टाका. हात डायमध्ये घालायची वेळच येऊ द्यायची नाही. पत्र्याची गुंडाळी फीडरने आपोआप आत सरकते, तयार भाग आपोआप बाहेर पडतो. हातच आत जाणार नसेल तर कापला कसा जाईल?

दुसरी पायरी : कमी धोक्याचा पर्याय आणा. पिन क्लचचं मशीन काढून मध्येच थांबू शकणारं मशीन घ्या. किंवा डाय अशी बनवा की रॅम आणि डायमधली फट ६ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडणारच नाही. एवढ्या फटीत पत्रा जातो, बोट जात नाही.

तिसरी पायरी : माणूस आणि धोका यांच्यामध्ये काहीतरी आडवं घाला. पक्की जाळी किंवा गार्ड. दोन हातांची बटणं, म्हणजे दोन्ही बटणं एकाच वेळी दाबल्याशिवाय रॅम हलणार नाही आणि दोन्ही हात आपोआप बाहेर राहतील. किंवा लाईट कर्टन, ज्याला शॉपमध्ये नुसतं ‘सेन्सर’ म्हणतात. मशीनच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. हात त्यातून आत गेला की मशीन थांबतं.

चौथी पायरी : नियम आणि शिस्त. ट्रेनिंग, विश्रांतीच्या वेळा, मशीनची ठरलेली तपासणी. डाय बदलताना वीज तोडून कुलूप लावायचं आणि रॅमखाली ठोकळा ठेवायचा.

पाचवी पायरी : अंगावरची साधनं. हातमोजे, बूट, हेल्मेट, गॉगल.

आता गंमत बघा. ‘आमच्याकडे सेफ्टी आहे’ असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हेल्मेट आणि हातमोजे. म्हणजे शेवटची पायरी. पत्र्याच्या धारेने हात कापू नये म्हणून हातमोजे कामाचे आहेतच. पण ५० टनांच्या दाबासमोर हातमोज्याचा काय पाड लागणार? त्या खालोखाल येतात पोस्टर आणि शपथ. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ मध्ये याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, तिचं मुख्यालय आपल्या नवी मुंबईत आहे. त्या आठवड्यात कारखान्यांमध्ये शपथ होते, घोषवाक्य स्पर्धा होते, बिल्ले वाटले जातात. यात वाईट काही नाही. पण मशीनला गार्ड नसेल तर कामगार शपथ घेऊन त्याच मशीनवर परत जातो.

वरच्या पायऱ्यांना मालकाचा पैसा लागतो. खालच्या पायऱ्यांना कामगाराचं लक्ष लागतं. त्यामुळे सगळा भर खालीच का राहतो, हे वेगळं सांगायला नको.

सेन्सर असतो, मग बंद का असतो?

पहिलं कारण वेग. दोन बटणं दाबण्यापेक्षा पेडल मारणं झटपट होतं. टार्गेट पेडलच्या वेगाने ठरवलेलं असेल तर बटणांनी ते पूर्ण होत नाही. मग कोणीतरी एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवतो. सेन्सर वारंवार मशीन थांबवत असेल तर वायरमन जंपर मारून तो बायपास करून देतो. कागदावर सेन्सर असतो, ऑडिटच्या दिवशी तो चालूही होतो.

दुसरं कारण देखभाल. सेन्सर लावला की काम संपलं, असं नाही. किरणांचा पडदा डायपासून किती लांब असावा याचंही गणित आहे. हिशोबात हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरण्याची पद्धत आहे. मशीन थांबायला पाव सेकंद लागत असेल तर पडदा किमान ४० सेंटिमीटर लांब हवा. पुढे ब्रेक झिजले आणि थांबायला ०.४ सेकंद लागू लागले, तर तेच अंतर ६४ सेंटिमीटर व्हायला हवं. पडदा मात्र ४० वरच आहे. म्हणजे दिवा हिरवा, सेन्सर चालू आणि तरीही हात आधी पोहोचणार. म्हणून ब्रेक किती वेळात थांबतो हे ठराविक काळाने मोजावं लागतं.

तिसरं कारण फसवणूक किंवा अज्ञान. पिन क्लचच्या मशीनला सेन्सर बसवून काही उपयोग नसतो, कारण ते मशीन मध्येच थांबूच शकत नाही. त्याला पक्का गार्डच लागतो. तरीही असे सेन्सर दिसले की ‘सेफ्टी आहे’ असं समजलं जातं.

आणि चौथं कारण, थोडक्यात वाचलेल्या घटना कोणी सांगत नाही. रॅम एकदा आपोआप खाली आला, हात नेमका बाहेर होता, सगळे हसले आणि काम पुढे चालू. ही घटना त्याच दिवशी वहीत लिहिली गेली असती तर क्लच उघडून बघितला गेला असता. पण गेटवर बोर्ड असतो, ‘अपघाताविना अमुक दिवस’. बक्षीस त्या आकड्यावर असेल तर छोटी जखम लपवली जाते, थोडक्यात हुकलेला प्रकार तर सांगितलाच जात नाही. आकडा वाढत राहतो आणि धोकाही.

कायदा काय सांगतो?

१९४८ च्या कारखाना अधिनियमातलं कलम २१ स्पष्ट होतं. यंत्राच्या धोकादायक भागांना मजबूत संरक्षण हवं आणि यंत्र चालू असताना ते जागेवर हवं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळची वायुगळती झाली. त्यानंतर १९८७ मध्ये याच कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी एक नवं प्रकरण जोडलं गेलं. त्यातून या उद्योगांतल्या कामगारांना सुरक्षा समितीत सहभाग आणि समोर दिसणाऱ्या धोक्याबद्दल इशारा देण्याचा हक्क मिळाला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०’ ही आपल्या विषयाची. संक्रमणाच्या काळात जुन्या कायद्यांतले संबंधित नियम चालू ठेवण्याची सोय आहे. या संहितेतल्या कामाच्या गोष्टी बघू.

एक, प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र द्यायचं. अपघात झाल्यावर ‘हा आमचा माणूसच नाही’ असं म्हटलं गेलं तर हाच कागद कामाला येतो.

दोन, ठरवून दिलेल्या वर्गातल्या कर्मचाऱ्यांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी.

तीन, सुरक्षेसाठी जे काही पुरवायचं त्याचे पैसे कर्मचाऱ्याकडून घ्यायचे नाहीत. म्हणजे सेफ्टी शूजचे पैसे पगारातून कापणं चालणार नाही.

चार, जीवघेणा किंवा गंभीर इजेचा धोका समोर दिसत असेल तर कामगार तो मालकाच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्या नजरेस आणू शकतो. मालकाला धोका पटला तर लगेच उपाय करायचा. नाही पटला तर प्रकरण निरीक्षकाकडे जातं आणि निरीक्षकाचा निर्णय अंतिम.

पाच, मालकाने कर्तव्यात कसूर केली आणि त्यातून मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड किंवा दोन्ही. या दंडातली किमान निम्मी रक्कम पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं.

पण इथंच एक भोक आहे. संहितेनुसार ‘कारखाना’ म्हणजे वीज वापरणारं किमान २० कामगारांचं ठिकाण, वीज नसेल तर ४०. आधीच्या केंद्रीय कायद्यात हे आकडे १० आणि २० होते. आणि स्वतंत्र सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती कुठं? ५०० कामगारांच्या कारखान्यात, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० च्या. आता आठवा ती मागच्या गल्लीतली पंधरा-वीस माणसांची शेड. जिथं बोटं जातात तिथं सुरक्षा अधिकारी नाही. जिथं सुरक्षा अधिकारी आहे, तिथून धोक्याचं काम बरंचसं बाहेर दिलेलं आहे.

म्हणूनच साखळीच्या वरच्या टोकाची जबाबदारी येते. मोठी कंपनी पुरवठादाराच्या मालाची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत तपासते. एक भाग खराब निघाला तर अख्खी खेप परत जाते. तो भाग ज्या मशीनवर बनला त्या मशीनला गार्ड होता का, हे तपासणंही तिला शक्य आहे.

अपघात झालाच तर काय करायचं?

हा भाग सेव्ह करून ठेवा. तुम्हाला नाही तर ओळखीतल्या कोणाला तरी लागू शकतो.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, १०८ ला फोन करा. तुटलेलं बोट शोधा. ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका, त्याने पेशी खराब होतात. चिरडलेलं बोट जोडणं कापलेल्या बोटापेक्षा अवघड असतं. तरी निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

हॉस्पिटलमध्ये अपघात कामावर झाला हे स्पष्ट सांगा आणि तशी नोंद करून घ्या. ‘घरी पडलो’ असं सांगायला कोणी सुचवलं तर ऐकू नका. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. मशीनचा आणि जागेचा फोटो सहकाऱ्याकडून काढून घ्या.

पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत असेल आणि युनिटमध्ये १० किंवा जास्त माणसं असतील तर सर्वसाधारणपणे ईएसआयचं संरक्षण मिळायला हवं. त्यासाठी कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामावरच्या इजेसाठी ‘इतके महिने वर्गणी भरलेली हवी’ अशी अट नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क जात नाही, महामंडळ ती मालकाकडून वसूल करू शकतं. अनेकांचं ईएसआय कार्ड अपघातानंतरच निघतं, हेही ‘क्रश्ड’ अहवालांत सतत दिसतं. म्हणून नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच आपला ईएसआय नंबर मागून घ्या.

उपचार चालू असताना पगाराच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो. कायमचं अपंगत्व आलं तर वैद्यकीय मंडळ कमावण्याची ताकद किती कमी झाली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. १५ हजार पगार आणि २० टक्के नुकसान असेल तर ढोबळमानाने महिन्याला २,७०० रुपये, हयातभर. ईएसआय लागू नसेल तर सुरुवातीला बघितलेल्या सूत्राने एकरकमी भरपाई मिळते. तिचा दावा मुदतीत करावा लागतो. जुन्या कायद्यात ही मुदत दोन वर्षांची होती. त्यामुळे थांबू नका.

धोकादायक मशीनची तक्रार करायची असेल तर महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. त्याची जिल्ह्यांमध्ये कार्यालयं आहेत.

मी तर ऑफिसात बसतो, माझा काय संबंध?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २९ लाख लोक कामाशी संबंधित कारणांनी मरतात. त्यातले बहुतेक अपघाताने नव्हे, आजाराने. जास्त तासांचं काम, धूळ, रसायनं. २०२२ मध्ये याच संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामगारांच्या मूलभूत हक्कांचा भाग मानला.

आणि ती पाच पायऱ्यांची उतरंड ऑफिसातही तशीच लागू होते. बारा-चौदा तास काम करणाऱ्यांसाठी शुक्रवारी ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’चं सेशन ठेवणं म्हणजे पाचवी पायरी. माणसं वाढवणं, डेडलाइन वाजवी ठेवणं म्हणजे पहिली-दुसरी. जिन्यात खोकी रचून ठेवलेली असताना फायर ड्रिल घेणं हेही तसंच. तुमच्या कंपनीत ‘वेलनेस’च्या नावाखाली काय चाललंय ते या पायऱ्यांवर ठेवून बघा. सगळं तळालाच सापडलं तर एचआरला त्याबद्दल विचारा.

पुन्हा त्या शेडकडे येऊ. पुढच्या वेळी अपघाताची बातमी वाचताना कोणी कॉमेंटमध्ये ‘लक्ष नव्हतं त्याचं’ असं लिहिलं, तर त्याला तीन प्रश्न विचारा. मशीनला गार्ड होता का? सेन्सर चालू होता का? त्या दिवशी तो कितव्या तासाला काम करत होता?

बातमीत या तिन्हींची उत्तरं नसतील, तर अपघात का झाला हे आपल्याला अजून कळलेलं नाही.